बरणीवरची कवटी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर अजून धरलेली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात नमस्कार खुर्चीत बसूनच केला. कागदावर साष्टांग घालायला कंबर लागत नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठडा धरतेस ना? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस, की माझ्यासारखीच बाटली उशाशी ठेवून समाधान मानतेस? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. एरवी हा शब्द मी पत्रात सवयीने लिहितो, या खेपेला मात्र दोनदा खात्री करून लिहितो आहे. तुझ्या कानावर कुठून काही उलटसुलट आलं असेल तर आधी तीन गोष्टी सांगून टाकतो. तपासणी अधिकारी जिवंत आहेत, प्रयोगशाळा उघडी आहे आणि मी नोकरीत आहे. गेल्या बुधवारी पावणेबाराच्या सुमारास या तिन्ही गोष्टी एकदमच धोक्यात आल्या होत्या. आता टळलं आहे, तेव्हा पाय वर घेऊन सावकाश वाच.

विज्ञानाच्या बाईंचा पाय मोडला आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले, इथपर्यंत तुला माहीत आहे. (पाय घरी मोडला, प्रयोगशाळेत नाही. हे त्यांनी दवाखान्यातून चिठ्ठी पाठवून मुद्दाम कळवलं, कारण पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून प्रयोगशाळेत साधी परीक्षानळीसुद्धा फुटलेली नाही.) आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, शिक्षकांच्या खोलीत एकदा नजर फिरवली. गणिताचे सर खाली बघायला लागले, चित्रकलेच्या बाई वर बघायला लागल्या आणि मी बापडा नेमका समोर बघत होतो. मी म्हटलं, बाई, मी इतिहासाचा माणूस, मला आम्ल कशाशी खातात तेही माहीत नाही. तर त्या म्हणाल्या, खायचं नाही एवढं माहीत असलं तरी पुरे. मग मी तुला, जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला, रडवं पत्र लिहिलं आणि तू तुझ्या त्या मोत्यांसारख्या अक्षरात पाठपोट बारा नियम लिहून पाठवलेस. केस बांधा, बाह्या दुमडा, पायांत बंद बूट घाला, बरणीवर लिहिलंय तेच आत ठेवा, गॉगल घाला, चव घेऊन बघू नका, वास नाक खुपसून न घेता हाताने वारा घालून घ्या, परीक्षानळीचं तोंड कुणाच्या तोंडाकडे करू नका, वगैरे. शेवटी 'तू स्वतः शक्यतो कशालाही हात लावू नकोस' अशी एक ओळ होती. ती मी वर्गात वाचून दाखवली नाही.

आता नियम आले, पण ते पोरांच्या डोक्यात शिरायचे कसे? मला एकच विद्या येते, ती मी वापरली. मुलांना सांगितलं की हा तह आहे आणि ही त्याची बारा कलमं. जगातले बहुतेक तह मोडले, कारण ते पाळले जातात की नाही हे बघायला कुणी नेमलेलंच नव्हतं. सहावीच्या वर्गात मुलं छत्तीस, म्हणजे दर कलमाला तीन पहारेकरी. ज्याचं जे कलम ते त्याने प्राण गेला तरी मोडू द्यायचं नाही, मग समोर कुणीही असो. (हे 'कुणीही असो' मी जोशात बोलून गेलो.) ताई, पोरांना नियम पाळायला सांगितलं तर ती जांभया देतात, पण दुसऱ्याला पाळायला लावायचा अधिकार दिला तर ती जेवणसुद्धा विसरतात. दुसऱ्याच दिवशी दोन नंबरच्या कलमवाल्यांनी दारातच माझा मफलर उतरवून घेतला, सैल कपडा दिव्यात जातो म्हणून. मोठ्या बाई सहज डोकावल्या तर त्यांचा अंबाडा तपासला गेला. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा बाटलीकाका म्हणते, ते चौतीस वर्षं तिथे अनवाणी वावरत आले. त्यांना पोरांनी बूट घालायला लावले आणि बिचारे आठवडाभर नव्या नवऱ्यासारखे जपून पावलं टाकत होते. (त्यांना निवृत्तीला तीन महिने राहिलेत. लांबचं लख्ख दिसतं, जवळचं अजिबात नाही. हे लक्षात ठेव.)

नवव्या कलमावर, म्हणजे 'नको ते पोटात गेलं तर काय करायचं' या कलमावर, एक मुलगी होती. तिचं खरं नाव हजेरीपटात आहे, बाकी सगळे तिला शंका म्हणतात. दोन घट्ट वेण्या, शाई लागलेली बोटं, आणि तोंड उघडलं की प्रश्न. तिच्या जोडीला घड्याळ नावाचा एक पोरगा आहे. त्याच्या मनगटावर त्याच्या काकाचं मोठं घड्याळ असतं आणि तो कधी काय झालं ते सगळं वहीत मांडतो, अगदी मी किती वाजता शिंकलो तेसुद्धा.

आता मूळ पापाकडे येतो. तू आणि तुझी भावजय, दोघींनी संगनमत करून माझी साखर तोडलीत त्याला आता वर्ष होईल. डॉक्टरांनी कमी करा म्हटलं होतं. तुम्ही त्याचा अर्थ बंद करा असा लावलात, आणि माझ्या रक्ताच्या भल्यासाठी लावलात हे मी आज कबूल करतो. पण तुझी भावजय याच शाळेत ग्रंथपाल आहे, वाचनालय आणि शिक्षकांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला कान तर आहेतच, पण मला वाटतं नाकही असावं. तिने बाटलीकाकांना सांगून शाळेच्या किटलीतच साखर घालणं बंद करवलं. माझ्या एकट्याच्या रक्तापायी सतरा माणसं वर्षभर फिका चहा पीत आली आहेत आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मलाच ठाऊक. मग प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आली. तिथे ही कधी पाऊल टाकत नाही. (नवी असताना तिच्या साडीवर आम्लाचे थेंब उडून चाळण झाली होती, तेव्हापासून ती त्या दारावरून जातानासुद्धा पदर आवरून जाते.) प्रयोगशाळेच्या मागे सामानाची एक छोटी खोली आहे, तिथे कपाट आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. आता तूच सांग, अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल?

मी तपकिरी काचेची एक रिकामी बरणी घेतली, घरून धुऊन पुसून आणली (साबणाने, दोनदा, शप्पथ), तिच्यात साखर भरली आणि वर चिठ्ठी चिकटवली: विष. खाली कवटी काढली. कवटी काही केल्या हसरीच येत होती, म्हणून तिच्याखाली 'हात लावू नये' असंही लिहिलं. पाच आठवडे त्या बरणीकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. मला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटत होतं की विचारू नकोस. आणि बरणी ठेवली त्याच आठवड्यात मी मुलांना तुझं चौथं कलम शिकवत होतो, बरणीवर जे लिहिलंय तेच आत असलं पाहिजे, म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग वरून पत्र आलं. कुठल्याशा शाळेत काहीतरी अपघात झाला म्हणे, तेव्हा सहावी-सातवीच्या सगळ्या प्रयोगशाळा तपासायच्या, आणि जिथे शंका वाटेल तिथे कुलूप लावून प्रयोग चित्रांवरून शिकवायचे. मोठ्या बाईंनी पत्र वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी या खेपेला वेळेवर खाली बघितलं, पण आता उशीर झाला होता. मुलांना कळायला काय वेळ? पोरांनी त्याच पंधरवड्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने स्पिरिटचा दिवा पेटवला होता, झाकण घालून विझवला होता, पाणी उकळून वाफ काचेवर धरली होती. ताई, मी तीस वर्षं पोरांना सनावळ्या घोकायला लावल्या, पण वर्गात सगळी डोकी एकदम पुढे झुकलेली मी पहिल्यांदा बघितली ती त्या दिव्यापाशी. शंका मला येऊन विचारते, सर, चित्रातला दिवा पेटतो का? मी काय सांगणार? कपाळ? त्या दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी कुलूप लागू द्यायचं नाही.

बुधवारी अधिकारी आले. किडकिडीत, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा शिस्तीत, हातात फाइल. त्यांना 'ठीक आहे, पण' एवढंच बोलायची सवय. पणच्या पुढे ते काही बोलत नाहीत, लिहितात. या महिन्यात अकरा ठिकाणी कुलूप लावून आले आहेत, असं त्यांच्या ड्रायव्हरने बाटलीकाकांना सांगितलं आणि काकांनी मला. दारातच तिसऱ्या कलमवाल्यांनी त्यांना अडवलं, कारण पायात उघड्या चपला. मी मागून खुणा करून बघितल्या. पण पोरं ऐकेनात आणि अखेर माळ्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून साहेब आत आले. वाळूची बादली बघितली (ठीक आहे, पण), प्रथमोपचाराची पेटी उघडली (आत मलम, पट्टी आणि कुणाचा तरी कंगवा), छत्तीस मुलांना चौदा गॉगल मोजले. मग एका पेल्यात व्हिनेगर होतं, त्याचा वास घ्यायला ते वाकले, तर तिघं जण एका सुरात ओरडले, नाक नाही, हात! साहेबांनी मुकाट्याने हाताने वारा घातला. पण फाइलमध्ये काय लिहिलं ते आडव्या हाताने झाकून लिहिलं. मला अक्षर दिसेना आणि पाचावर धारण बसली.

तेवढ्यात मोठ्या बाईंनी चहा सांगितला. प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद, म्हणून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर. बाटलीकाकांनी किटली आणून सामानाच्या खोलीत ठेवली, पहिला पेला साहेबांना दिला. साहेबांनी एक घोट घेतला, थांबले, पेल्यात बघितलं आणि म्हणाले, साखर? ताई, त्या एका शब्दात मला अख्खा अहवाल दिसला. गॉगल चौदा, कंगवा एक, चहा फिका, सबब कुलूप. मी म्हटलं, आणतो, आणतो, आणि पेला घेऊन आत गेलो. पुढचं सगळं हाताने केलं, डोक्याचा काही संबंध नाही. पाच आठवड्यांची सवय. कपाट उघडलं, बरणी काढली, साहेबांच्या पेल्यात दोन चमचे, माझ्या पेल्यात दोन चमचे (पाहुण्याला एकटं पिऊ देणं बरं दिसत नाही), चमचा साखरेतच राहिला म्हणून हाताला लागली त्या काचेच्या कांडीने ढवळलं, आणि बरणी तशीच उघडी टाकून बाहेर आलो. साहेब घोटाघोटाने चहा पिऊ लागले. चेहरा सैल झाला. 'ठीक आहे,' म्हणाले, आणि पण आलाच नाही! मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि इकडे शंका केरसुणी आणायला सामानाच्या खोलीत गेली. तिने काय पाहिलं? चहाची किटली. तिच्या शेजारी उघडी बरणी. बरणीवर कवटी. बरणीत चमचा. चहाने ओली झालेली कांडी. अशा वेळी दुसरं कुणीही पोर किंचाळत सुटलं असतं. ही शांतपणे बाहेर आली, साहेबांच्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाली, यापुढे काही पिऊ नका, तुमच्या चहात विष गेलंय. मग घंटेपाशी जाऊन घंटा वाजवली.

पुढे जे झालं ते तू बघायला हवं होतंस. मोठी माणसं सैरावैरा आणि मुलं जागच्या जागी. गणिताचे सर पाणी घेऊन धावले, त्यांना दोघांनी अडवलं, डॉक्टर सांगेपर्यंत काही द्यायचं नाही म्हणून. मोठ्या बाई मिठाचं पाणी घेऊन आल्या, ओकारी काढू या म्हणत, तर नवव्या कलमवाले त्यांच्यासमोर हात पसरून उभे राहिले. बाई, ओकारी काढायची नाही, जाताना जाळलं असेल तर येताना पुन्हा जाळेल! मोठ्या बाई, ज्यांच्यापुढे शिक्षणखातं थरथरतं, त्या मिठाचं पाणी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. एकीने बरणीचं झाकण लावून ती फडक्यात धरून आणली, डॉक्टरांना दाखवायला. एकाने अर्धा पेला झाकून त्यावर चिठ्ठी लावली. घड्याळ वेळ मांडत होता. साहेबांना बाकावर कुशीवर निजवलं होतं, पायांत ते रबरी बूट, आणि शंका त्यांच्या डोक्याशी बसून त्यांना त्यांच्या मुलांची नावं विचारत होती. त्यांनी मधेच तिला विचारलं म्हणे, मी जाणार का गं? ती म्हणाली, ते डॉक्टर सांगतील, तुम्ही फक्त बोलत राहा.

डॉक्टर म्हणून जवळ कोण, तर समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर. ते धावत आले आणि सवयीने म्हणाले, आ करा. साहेबांनी आ केला. डॉक्टरांनी कुठलं विष म्हणून विचारलं, कुणालाच सांगता येईना. आणि बाटलीकाका? ते सामानाच्या खोलीच्या उंबऱ्यावर मटकन खाली बसले होते. चहा त्यांनी केलेला. मोठ्या बाईंना हात जोडून ते म्हणाले, माझ्याच हातून झालं असेल हो, मला जवळचं दिसत नाही. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, उंबऱ्यावर बसून माफी मागत होता. ते बघून मी क्षणाचाही विलंब न लावता पुढे झालो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, बरणीत साखर आहे, माझी आहे, मीच ठेवली, मीच घातली. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून मी एक चमचा भरून तोंडात घालायला गेलो, तर सहाव्या कलमवाल्यांनी (चव घेऊन बघू नये) माझा हात धरला. अखेर दातांच्या डॉक्टरांनी पोरांची नजर चुकवून बोट लावून चाटलं आणि अत्यंत नाराजीने म्हणाले, साखरच आहे, वाईटात वाईट.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं, ताई. साहेब उठून बसले. स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, जणू नवे मिळालेत. बाटलीकाका रडता रडता हसायला लागले आणि मग मला अशा शिव्या दिल्या की त्या मी इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेल्या नाहीत. मी मान खाली घालून सगळ्या घेतल्या. साहेबांनी उरलेला चहा मागितला, पण तो झाकून ठेवलेला होता आणि त्यावरच्या चिठ्ठीत आता दुरुस्ती झाली होती: चहा, अर्धा, साखरयुक्त, तपासल्याशिवाय देऊ नये. त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग फाइल उघडून तासभर लिहीत बसले आणि जाण्यापूर्वी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. विद्यार्थ्यांची तयारी उत्तम. उपकरणं अपुरी, पण जपलेली. शिक्षक शिकण्यासारखे आहेत. (हे कौतुक आहे की काय, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.) प्रयोगशाळा चालू ठेवण्यास हरकत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर पोरांनी जो गलका केला तो वाचनालयापर्यंत गेला. मी मात्र सामानाच्या खोलीत जाऊन, दार लोटून, रडलो. लाज कसली? इतकं बरं वाटलं होतं.

वाचनालयावरून आठवलं. घंटा ऐकून तुझी भावजयही आली होती, पुस्तकांवर तारखा मारायचा शिक्का हातात घेऊन. बरणीत साखर आहे हे माझं वाक्य तिने पहिल्या अक्षरापासून ऐकलं. काही बोलली नाही. घरीही काही बोलली नाही. आज दोन दिवस झाले, घरात एक पान हललेलं नाही. बरणी तिने रिकामी करून, धुऊन, कवटीसकट आपल्या टेबलावर पेन्सिली ठेवायला घेतली आहे, आणि पोरं पुस्तकं वेळेवर परत करू लागली आहेत.

असो. फार लांबलं. गुडघ्यांना तेल लाव. मोठ्यांना नमस्कार सांगावा म्हटलं, तर तुझ्याहून मोठं आता आपल्यात कुणी उरलेलं नाही, तेव्हा तो तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा (बुधवारपासून बिनसाखरेचा)

ता. क. भावजयीला दोन ओळी लिही. मी सांगितलं म्हणून लिहिलंस असं वाटता कामा नये. तिच्या अक्षराबद्दल, तब्येतीबद्दल काहीतरी विचार आणि जाता जाता लिही की माणसाच्या हातून चूक होते. कोणाच्या ते लिहू नकोस, ती ओळखेल.

आणखी ता. क. वर 'क्षणाचाही विलंब न लावता' असं लिहिलं आहे, ते खोडायला गेलो तर कागद फाटेल, म्हणून इथे सांगतो. घंटा अकरा बेचाळीसला वाजली आणि मी तोंड उघडलं अकरा शेहेचाळीसला. घड्याळच्या वहीत आहे आणि ते पान साहेबांनी अहवालाला जोडून नेलं आहे. ती चार मिनिटं मी खांबाला टेकून उभा होतो. कुलूप लागेल, नोकरी जाईल, ही काय म्हणेल, हे सगळं मनात येत होतं, आणि समोर काका हात जोडून बसलेले दिसत होते, तरी जीभ उचलेना. तेवढ्यात शंका दुसरीला साहेबांपाशी बसवून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, सर, बरणीला मुंग्या लागल्यात, जिवंत आहेत. पुढे म्हणाली, दुसऱ्या सगळ्या बाटल्यांवर आतल्या वस्तूचं नाव आहे, हिच्यावरच नाही. मग म्हणाली, तुमचाही पेला रिकामा आहे, आणि तुम्ही घाबरलाय, पण पोटाला नाही. आणि एवढं बोलून तिथून गेली नाही, गं. माझा हात धरून उभी राहिली. म्हणाली, मी सांगितलं तर ती चुगली होईल, तुम्ही सांगा. तेव्हा कुठे मी पुढे झालो. खणखणीत आवाज वगैरेही नव्हता. पहिल्यांदा बोललो ते कुणाला ऐकूच गेलं नाही, तिने मोठ्याने सांगितलं की सरांना काही बोलायचंय. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही.

शेवटची ता. क. साहेबांच्या अहवालात आणखी एक ओळ आहे. विज्ञानाच्या बाई रुजू होईपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, विषय जाणणारी व्यक्ती प्रयोगशाळेत हजर असेल या अटीवर. अशी व्यक्ती आहे का म्हणून विचारलं, तर मी तुझं नाव देऊन टाकलं. निवृत्त होताना तू काय शपथ घेतली होतीस ते माहीत आहे मला. पुन्हा शाळेची पायरी चढणार नाहीस. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे, पायरी एकच, तीही मोडकी. तुझी खोली हिने आजच झाडून घेतली, न बोलताच. आणि सोबत शंकाच्या वहीतली पाच पानं पाठवतो आहे, ती वाच. एकूण एकेचाळीस प्रश्न आहेत. पाणी उकळताना बुडबुडे खालूनच का येतात, इथपासून ते ज्योतीच्या मधोमध काळं काय असतं, इथपर्यंत. मला एकाचंही उत्तर येत नाही. तिला मी प्रत्येक वेळी पुढच्या तासाला सांगतो म्हणून आलो, आणि तिने प्रत्येक वेळी त्यावर विश्वास ठेवला. पुढचा तास सोमवारी आहे.